कर्शॉचा २०२४चा हंगाम: सात सामने, तीस इनिंग्ज आणि डाव्या पायाचा अंगठा

डावखुरा (धागाकर्ता), ३ नोव्हेंबर २०२४

परवा, आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं त्याच दिवशी, लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्स या बेसबॉल संघाची वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) जिंकल्याची मिरवणूक निघाली. नंतर स्टेडियममध्ये क्लेटन कर्शॉच्या हातात माइक आला आणि त्याने सांगून टाकलं की या विजेतेपदात माझा काहीच हात नाही, पण वाटतंय मात्र भारी. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्याने तसं म्हणणं ठीक आहे. पण आता जो तो तेच वाक्य घेऊन फिरतोय, म्हणून हा धागा.

ज्यांनी हंगाम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्शॉ ३६ वर्षांचा, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. २००८पासून डॉजर्सकडेच. तीन साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार (२०११, २०१३, २०१४), २०१४चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू. २०२३मध्ये १३ विजय, ५ पराभव आणि २.४६ ईआरए, म्हणजे कागदावर झकास, पण खांदा कुरकुरत होता. ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाविरुद्ध प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्या सामन्यात एकच गडी बाद करून सहा धावा दिल्या आणि बाहेर. नोव्हेंबरात डाव्या खांद्याचे लिगामेंट्स आणि कॅप्सूल यांची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत पुन्हा डॉजर्सशी करार केला तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं की पठ्ठ्या उन्हाळ्याआधी माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, दिसणार नाही.

जूनमध्ये रँचो कुकामोंगाला खालच्या लीगमधल्या संघाकडून चाचणी म्हणून पिचिंग केलं, खांदा दुखला, परत ब्रेक. अखेर २५ जुलैला जायंट्सविरुद्ध उतरला: ४ इनिंग्ज (प्रतिपक्षाचे तीन गडी बाद झाले की एक इनिंग; सामना नऊचा), ६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले गडी). ३१ जुलैला सॅन डिएगोत धुलाई. कारकिर्दीत पहिल्यांदाच त्याने सामना सुरू केला आणि एकही स्ट्राइकआउट मिळाला नाही. मग ऑगस्टमध्ये गाडी रुळावर आली. सेंट लुईसमध्ये सहा इनिंग्ज, शून्य धावा. आणि ३० ऑगस्टला फिनिक्समध्ये एक इनिंग टाकून दुसऱ्या इनिंगमध्ये मैदानाबाहेर. डाव्या पायाच्या अंगठ्यात वाढलेलं हाड. त्यानंतर उरलेल्या हंगामात एकही सामना नाही. एकूण ७ सामने, ३० इनिंग्ज, २-२, ईआरए ४.५०.

आता हे सात सामने कधी झाले ते बघा. संघाचे बाकीचे पिचर एकेक करून गळत होते. यामामोटो जूनपासून खांद्यामुळे घरी, थेट सप्टेंबरात परतला. ग्लासनाउ ऑगस्टमध्ये कोपर धरून बसला तो बसलाच. रिव्हर रायन हा नवा पोरगा चांगला टाकत होता, तोही ऑगस्टमध्ये टॉमी जॉन या कोपराच्या शस्त्रक्रियेच्या वाटेला लागला. गॉन्सोलिन आणि मे आधीच गेलेले. ब्यूलर परत आला होता पण सूर सापडत नव्हता. एरवी पिचिंगही करणारा ओहतानी यंदा फक्त बॅट घेऊन. मागून सॅन डिएगोचे पाद्रेस धापा टाकत आलेले. अशा वेळी दर सहा दिवसांनी कुणीतरी उभं राहून चार-पाच इनिंग्ज खायच्या असतात. त्या कर्शॉने खाल्ल्या. डॉजर्स ९८-६४वर संपले, लीगमधला सर्वोत्तम रेकॉर्ड, पाद्रेसच्या पुढे पाच सामने. ऑक्टोबरमध्ये घरचं मैदान मिळालं ते त्या ९८मुळे.

हात नाही कसा?

कट्टर_जायंट, ३ नोव्हेंबर २०२४

बे एरियातून, म्हणजे डॉजर्सचे जुने वैरी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांच्या मुलखातून, नमस्कार. डॉजर्सच्या धाग्यावर पहिला प्रतिसाद माझा असावा याचं मलाच वाईट वाटतंय.

डावखुरा, भावना समजल्या. पण ४.५० ईआरएच्या ३० इनिंग्ज डॉजर्सच्याच लँडन नॅकनेही दिल्या असत्या. खरं तर त्याने याहून जास्त इनिंग्ज याहून चांगल्या टाकल्या यंदा. कर्शॉचं नाव त्या आकड्यांवरून काढा आणि मग सांगा, धागा काढला असतात का?

वरणभात, ३ नोव्हेंबर २०२४

मी नवा आहे, मुलगा न्यू जर्सीत बेसबॉल खेळतो म्हणून बघायला लागलो. दोन शंका. ईआरए म्हणजे नेमकं काय? आणि पिचर हाताने टाकतो ना, मग पायाच्या अंगठ्यासाठी अख्खा हंगाम का घालवायचा?

डावखुरा, ३ नोव्हेंबर २०२४

वरणभात, ईआरए म्हणजे पिचर दर नऊ इनिंग्जना सरासरी किती धावा देतो. पण क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेल्या धावा त्याच्या नावावर चढत नाहीत. कर्शॉने ३० इनिंग्जमध्ये अशा १५ धावा 'कमावून' दिल्या, म्हणजे ९ इनिंग्जना साडेचार. सॅन डिएगोच्या सामन्यात प्रत्यक्षात सात गेल्या होत्या, त्याच्या खात्यावर तीनच लागल्या. कमी तितकं बरं. त्याची पूर्ण कारकिर्दीची सरासरी अडीच आहे, यावरून अंदाज घ्या.

जायंटराव, नॅक होताच रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पिचरांत! कर्शॉ नॅकच्या जागी नव्हता, जिथे कुणीच नव्हतं तिथे होता. तुम्ही ज्या पर्यायाशी तुलना करताय तो पर्याय आधीच वापरून झाला होता.

अंगठ्याचं मी सांगण्यापेक्षा हाडवैद्य येऊ देत.

हाडवैद्य, ४ नोव्हेंबर २०२४

आलो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कर्शॉला अर्थातच तपासलेलं नाही, त्यामुळे जे सगळ्यांना दिसतं त्यावरूनच बोलतो.

पिचरला धावत येण्याची सोय नाही. आपला फास्ट बोलर पंधरा-वीस पावलं पळून वेग गोळा करतो. पिचर माउंडवरच्या रबराच्या पट्टीला पाय लावून उभा असतो आणि तिथून त्याला ६० फूट ६ इंचांवर चेंडू पाठवायचा असतो. सगळी ताकद मागच्या पायातून. कर्शॉ डावरा, म्हणजे मागचा पाय डावा. उजवा पाय वर जातो, मध्ये त्याची ती लकब, क्षणभर लटकून थांबल्यासारखी, मग उजवा पाय पुढे झेपावतो आणि डाव्या पायाची टाच उचलली जाते. सगळ्यात शेवटी जमिनीवर काय टेकलेलं असतं? अंगठा आणि त्याचं मूळ. शेवटचा रेटा तिथून.

आता सांध्यातली कूर्चा झिजली की शरीर कडेने जादा हाड घालतं. त्यालाच बोन स्पर म्हणतात. अंगठा वरच्या दिशेने वाकेनासा होतो आणि वाकवला की कळ थेट डोक्यात. एकदा सहन होईल, दहादा होईल. एका सामन्यात ८०-९० वेळा, शिवाय वॉर्मअपचे वेगळे.

आणि खरी भीती अंगठ्याची नसतेच. पाय रेटा देईनासा झाला की वेग कुठून तरी उसना आणावा लागतो. मग पायाचं देणं खांदा फेडतो. हा खांदा जेमतेम दहा महिन्यांपूर्वी शिवलेला. मी त्यांच्या स्टाफमध्ये असतो तर मीही सप्टेंबरमध्ये लाल बावटा दाखवला असता.

वरणभात, ४ नोव्हेंबर २०२४

बाप रे. मुलाला उद्यापासून बूट नीट बघून घेऊन देतो. धन्यवाद.

लेगस्टंप, ४ नोव्हेंबर २०२४

हाडवैद्य, एक नंबर प्रतिसाद.

मला लॉर्ड्स २०११ आठवलं. श्रीरामपूरचा आपला झहीर. पहिल्याच दिवशी स्ट्रॉस आणि कुक दोघांना काढलं आणि मांडीचा स्नायू धरून गेला. त्या दौऱ्यात आपण ४-० मार खाल्ला. एका बोलरवर संघ उभा असला की काय होतं ते तिथे दिसलं. डॉजर्सचं उलट आहे. त्यांचे अर्धा डझन झहीर जखमी झाले आणि तरी ते कप घेऊन गेले. मग कर्शॉच्या तीस इनिंग्ज महत्त्वाच्या की डॉजर्सची तिजोरी? टायगर्सकडून जुलैअखेर जॅक फ्लॅहर्टी आणला, त्यानेच ऑक्टोबर तारला की.

काकू_पासाडेना, ४ नोव्हेंबर २०२४

लेगस्टंप, तिजोरी कुणाकडे नाही? यांकीजकडे नाही? मेट्सकडे नाही?

आम्ही २५ जुलैच्या सामन्याला होतो. ह्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण बुलपेनचं (राखीव पिचरांच्या जागेचं) दार उघडून २२ नंबर, म्हणजे कर्शॉ, चालत यायला लागला तेव्हा तेही उभे राहिले. पहिली इनिंग बघताना माझ्या पोटात गोळा होता, कारण फास्टबॉल ९० मैलांच्या आसपास घुटमळत होता. पूर्वी ९३-९४ सहज असायचा. पण कर्वबॉल पडायला लागला आणि माझ्या शेजारचा मेक्सिकन आजोबा स्वतःशीच मान डोलवायला लागला. तो म्हणे फर्नांडोला बघायला यायचा १९८१मध्ये.

डॉजर्सचा जुना पिचर फर्नांडो व्हॅलेन्झुएला वर्ल्ड सिरीज सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी गेला. मिरवणूक निघाली तो त्याचा वाढदिवस, १ नोव्हेंबर. या सगळ्या गडबडीत ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कट्टर_जायंट, ५ नोव्हेंबर २०२४

काकू, फर्नांडोबद्दल आमच्याकडेही आदरच. त्यावर वाद नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. ऑक्टोबरमध्ये डॉजर्सकडे सुरुवात करायला तीनच पिचर होते: यामामोटो, फ्लॅहर्टी, ब्यूलर. चौथ्या पिचरची पाळी आली की बुलपेनमधले सात-आठ जण मिळून गाडा ओढायचे. पाद्रेसविरुद्ध चौथा सामना असाच आठ जणांनी मिळून ८-०ने काढला. कर्शॉ धडधाकट असता तर तो सामना कर्शॉला दिला असता. आणि प्लेऑफमधला कर्शॉ आठवा. २०१७ला ह्यूस्टन, २०१९ला वॉशिंग्टनच्या रेंडॉन आणि सोटोचे लागोपाठचे दोन होमरन, गेल्या वर्षी ॲरिझोना. मी डॉजर्सचा चाहता असतो तर अंगठ्याला नारळ वाहिला असता.

डावखुरा, ५ नोव्हेंबर २०२४

हे मात्र झोंबलं. झोंबलं कारण अर्धं खरं आहे.

पण २०२०चं काय? त्या वर्ल्ड सिरीजमध्ये टॅम्पाविरुद्ध दोन सामने जिंकून दिलेत त्याने. आणि ज्या ऑक्टोबरांबद्दल तुम्ही बोलताय, त्यात बहुतेक वेळा त्याला तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवायचे किंवा सातव्या इनिंगमध्ये थकलेला असताना तसंच ठेवायचे, कारण मागे भरवशाचं कुणी नसायचं. २०२४चा संघ कर्शॉशिवाय जिंकला याचं मला दुःख नाही. उलट दहा वर्षांपूर्वीच असा संघ मिळायला हवा होता त्याला.

२०१६ घ्या ना. पाठीतली चकती सरकली, जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर. तरी १४९ इनिंग्ज, ईआरए १.६९, १७२ स्ट्राइकआउट आणि फक्त ११ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस). अकरा! हेही दुखापतीने चिरलेलंच वर्ष होतं, पण तेव्हा तो २८चा होता आणि परत आला की तोच कर्शॉ असायचा. २०२४मधला परत आलेला कर्शॉ वेगळा आहे. चार मैल कमी, चुकीला माफी नाही. मला हाच जास्त आवडतो, हे सांगितलं तर हसाल.

लेगस्टंप, ५ नोव्हेंबर २०२४

हसत नाही. पण 'मला आवडतो' आणि 'संघाला उपयोग झाला' ही दोन वेगळी दुकानं आहेत, एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नका.

पुण्यातून_पहाटे, ६ नोव्हेंबर २०२४

मी इथून बघतो, सामने पहाटे साडेपाच-पावणेसहाला सुरू होतात. डॉजर्सच्या फ्रीमनचा तो वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यातला दहाव्या इनिंगचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होमरन) मी दूध उतू घालवून पाहिलाय, त्यामुळे माझ्याही मताला किंमत असावी.

रोस्टरबद्दल कुणी बोललं नाही. दुखापतग्रस्त खेळाडू ६० दिवसांच्या यादीवर टाकला की ४० जणांच्या मुख्य यादीतली एक जागा मोकळी होते आणि तिथे दुसऱ्याला घेता येतं. कर्शॉला हंगामाच्या सुरुवातीपासून तसं ठेवलं होतं, त्यामुळे जुलैपर्यंत तो संघाला जागेच्या दृष्टीने फुकटच होता. म्हणजे त्याने टाकलेल्या तीस इनिंग्ज वरकड नफा समजा. तोटा कुठे झाला ते दाखवा.

कट्टर_जायंट, ६ नोव्हेंबर २०२४

तोटा नाही म्हणतोय मी. हात नाही म्हणतोय. खुद्द कर्शॉही तेच म्हणतोय!

हाडवैद्य, १९ डिसेंबर २०२४

इथे टाकतो, कारण विषय तोच. मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवरचा अहवाल या महिन्यात प्रसिद्ध केलाय. सार असं की सगळे पिचर प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकतात, वेग आणि फिरकी वाढवण्याच्या मागे ऑफ-सीझनमध्येही लागलेले असतात, आणि हात त्याची किंमत मोजतात. डॉजर्सच्या यंदाच्या यादीकडे पाहिलंत तर अहवाल वाचायची गरज नाही. त्यांच्या एकाही पिचरच्या १५० इनिंग्ज भरल्या नाहीत.

कर्शॉची नोव्हेंबरात दोन ऑपरेशनं झालीत, डावा पाय आणि डावा गुडघा. गुडघ्यात मेनिस्कस फाटलेला. मी वर म्हटलं होतं ना, देणं कुठेतरी फेडावं लागतं. या वेळी खांद्याऐवजी गुडघ्याकडे वसुलीला गेलं की काय, असं मनात येतं. हा निव्वळ माझा तर्क.

लेगस्टंप, ६ जानेवारी २०२५

सिडनीत बुमराह पाठ धरून बसला, दुसऱ्या डावात चेंडू टाकलाच नाही. आता बेसबॉलवाल्यांचं दुःख कळतंय.

काकू_पासाडेना, ३ जुलै २०२५

धागा वर काढतेय!!! कर्शॉचे ३००० स्ट्राइकआउट!!!

सहावी इनिंग, शंभरावा चेंडू, व्हाइट सॉक्सचा व्हिनी कॅप्रा बघत राहिला आणि अंपायरचा हात वर. त्याच्या आदल्याच खेळीत आपल्या मन्सीचा गुडघा दुखावला होता, त्यामुळे सगळं स्टेडियम आधी चिडीचूप झालेलं, आणि मग हे. रडायचं की ओरडायचं कळेना, दोन्ही केलं.

डावखुरा, ३ जुलै २०२५

इतिहासातला विसावा पिचर, डावखुऱ्यांत चौथा: कार्लटन, रँडी जॉन्सन, सबाथिया आणि हा. सगळे ३००० एकाच संघाकडून करणारे फक्त वॉल्टर जॉन्सन, बॉब गिब्सन आणि कर्शॉ.

आणि जायंटराव, गेल्या हंगामाअखेर तो २,९६८वर होता. त्यात २०२४चे २४ आहेत. ते 'निरुपयोगी' २४ नसते तर काल पार्टी झाली नसती.

कट्टर_जायंट, ३ जुलै २०२५

अभिनंदन, मनापासून. आम्ही त्याच्याकडून इतका मार खाल्लाय की अर्धे ३००० आमचेच असतील.

पण गणित असं की काल नसती झाली तर ऑगस्ट-सप्टेंबरात झाली असती पार्टी. याला योगदान नाही, वेळापत्रक म्हणतात.

डावखुरा, ३ जुलै २०२५

३७व्या वर्षी, त्या खांद्याला आणि त्या अंगठ्याला सप्टेंबरचा भरवसा तुम्ही देताय?

हाडवैद्य, ३ जुलै २०२५

मी तर नाही देणार.

पुण्यातून_पहाटे, २८ ऑक्टोबर २०२५

आज ऑफिसला दांडी. पहाटे साडेपाचला लावलेला वर्ल्ड सिरीजचा टोरोंटोविरुद्धचा सामना दुपारी बाराच्या पुढे संपला. अठरा इनिंग्ज. कर्शॉने निवृत्ती सप्टेंबरातच जाहीर केलीये, फिलीविरुद्ध त्याला मजबूत मार पडला होता, त्यामुळे मला वाटलं होतं आता कुणी त्याला चेंडू देणार नाही. बारावी इनिंग, ५-५, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि बुलपेनमधून २२ नंबर बाहेर. मी टीव्हीसमोर हात जोडले. टोरोंटोच्या ल्यूक्सने फुल काउंटपर्यंत (तीन बॉल, दोन स्ट्राइक) ताणलं आणि मग आपल्या एडमनकडे जमिनीलगतचा चेंडू. इनिंग खल्लास. मग अठराव्यात पुन्हा फ्रीमन.

काकू_पासाडेना, २८ ऑक्टोबर २०२५

आम्ही घरी होतो आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं नाही हे त्यांचे उपकार.

कट्टर_जायंट, २ नोव्हेंबर २०२५

लागोपाठ दुसरं विजेतेपद. टोरोंटोसाठी जीव हळहळला, सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत नेऊन एका धावेने. असो.

डावखुरा, या वर्षी मान्य. हात आहे. ल्यूक्सचा तो एक गडी गेला नसता तर ती सिरीज कुठल्या कुठे गेली असती. झालं समाधान?

डावखुरा, २ नोव्हेंबर २०२५

नाही झालं. एक गडी बाद केला तर हात आहे, आणि गेल्या वर्षी रोटेशन ओस पडलेलं असताना तीस इनिंग्ज टाकल्या तर नाही? टीव्हीवर दिसलं ते योगदान आणि सेंट लुईसमध्ये रविवारी दुपारी कुणी न बघितलेल्या सहा इनिंग्ज म्हणजे वेळापत्रक?

लेगस्टंप, २ नोव्हेंबर २०२५

डावखुरा, जायंटराव चक्क 'मान्य' म्हणाले आहेत. स्क्रीनशॉट काढा आणि गप्प बसा.

कट्टर_जायंट, २ नोव्हेंबर २०२५

फक्त २०२५साठी! २०२४चा ४.५० अजून तसाच आहे. २०३१ला हॉल ऑफ फेमचं मतदान होईल तेव्हा धागा परत वर काढा, मी इथेच आहे.